खाली मोकळं हवं

लालबाग,
ता. १० नोव्हेंबर १९५७, रविवार

चि. सौ. नलिनी हिला,

आशीर्वाद लिहावा की न लिहावा या विचारात सकाळपासून तीन विड्या ओढून झाल्या. पत्राच्या डोक्यावर तो लागतोच, तेव्हा लिहिला आहे असं धर. त्यातून भलता अर्थ काढू नकोस.

पत्राचं कारण एवढंच, की तुझी हिरवी ट्रंक आमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीखाली पडून आहे. तू वैशाखात घर सोडून गेलीस, ती आहे तिथेच आहे. आता ती जागा आम्हाला हवी आहे. कोणाला तरी पाठवून ट्रंक घेऊन जावी. लालबागहून नायगाव म्हणजे काही विलायत नाही. मात्र तुझ्या घरच्या माणसाला पाठवू नये, हमाल पाठवावा. मी तेव्हा काय बोललो होतो ते तुला आठवत असेलच.

जागा कशाला हवी, असं तू विचारणार नाहीस, पण सांगतो. तुझ्या आईला बाहेरच्या खोलीत खाट हवी आहे. वीस वर्षं त्या दहा बाय दहाच्या खोलीत सगळं झालं. सकाळी माझी दाढी, दुपारी तिचं शिवणटिपण, संध्याकाळी तुझा अभ्यास, रात्री माझं अंथरूण, आणि गावाहून कोणी आलं तर भिंतीकडेला चटई. कधी कोणी खाट मागितली नाही. आता दिवाळी झाल्यापासून तिने धोशा लावला आहे.

मी विचारलं, "कोणासाठी?"

"पावण्यांसाठी."

"कुठले पाहुणे?"

"गावचे. प्रतापगडार जातले ते."

आता तूच बघ. या महिनाअखेरीला प्रतापगडावर काळी निशाणं दाखवायला समितीची माणसं निघणार आहेत, हे आमच्या चाळीतल्या मांजरांनाही ठाऊक आहे. पण मालवणहून प्रतापगडाला जाणारा माणूस लालबागला झोपायला कशाला येईल? गड त्याच्या वाटेतच लागतो. तुझी आई खोटं बोलते तेव्हा तिला भूगोल आठवत नाही.

मी कापडखात्यात, विणायच्या साच्यांवर बावीस वर्षं जॉबर आहे. शंभर वार कापडात एक दोरा चुकला तर मला लांबून दिसतो. इथे काहीतरी चुकलं आहे.

खाट हवीच तर माझ्या डोक्यात एक युक्ती आहे. भिंतीला बिजागऱ्यांवर लांब फळी बसवायची. रात्री खाली पाडली की पलंग, सकाळी वर उचलून खिटी लावली की भिंत. खोली जशीच्या तशी. हे मी तिला कागदावर काढून दाखवलं. तिने त्या कागदावर तांदळातले खडे काढून ठेवले.

खरं सांगायचं तर मला आता पाहुणा या शब्दाचीच धास्ती बसली आहे. एका पाहुण्याला त्या खोलीत तीन रात्री झोपू दिलं, त्याचं काय झालं ते सगळ्या लालबागने पाहिलं.

ट्रंक लवकर न्यावी.

सीताराम तावडे

ता. क. माझं हिरव्या काठाचं जुनं धोतर दोरीवरून नाहीसं झालं आहे. नवी दोन तशीच आहेत. जुनंच कोणी का नेईल? तुझ्या आईला विचारलं तर तिने कानावर हात ठेवले.


लालबाग,
ता. २० नोव्हेंबर १९५७

चि. नलिनी हिला,

तुझं कार्ड मिळालं. "ट्रंक राहू द्या. लागेल." सहा महिन्यांनी बापाला पत्र आणि त्यात चार शब्द. तारेतसुद्धा माणसं याहून जास्त लिहितात.

लागेल म्हणजे काय? कोणाला लागेल? कधी? मी ते कार्ड आईपुढे धरलं. ती अक्षरं जुळवत जुळवत वाचते हे तुला ठाऊक आहे, पण हे चार शब्द तिने एका दमात वाचले आणि आत भाताकडे गेली. आत काही भात करपत नव्हता. मी जाऊन पाहिलं.

गेल्या रविवारी तिला घेऊन गिरगावात गेलो होतो. फणसवाडीच्या तोंडाशी सामानाचं एक मोठं दुकान आहे. दुकानदाराने आधी एक कोच दाखवला. दिवसा चौघांनी बसायचं, पाठ मागे ढकलली की दोघांचं अंथरूण. मला तर फार आवडला. तुझी आई दुकानात सगळ्यांदेखत वाकली आणि कोचाखाली हात घालून म्हणाली, "ह्येच्या खालसून काय जाता?"

दुकानदार म्हणाला, "खाली काहीच जात नाही बाई. धूळसुद्धा जात नाही, तीच तर त्याची मजा आहे."

"मग नको."

मग पेटीचा पलंग. वर झोपायचं, खाली खण, त्यात गाद्या, भांडी, वर्षाचे तांदूळ, काय हवं ते ठेवा. दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाला याहून सोयीचं काय असणार? तिने खण ओढून पाहिला आणि तोंड फिरवलं. "खालसून मोकळी व्हयी."

शेवटी घडीची लोखंडी खाट. खाली मोकळीच मोकळी, तर म्हणाली की कापड झोळीसारखं खाली जातं, झोपणाऱ्याचं कंबरडं मोडेल, आणि उठताना हाताला धरायला काही नाही. मी विचारलं, उठताना आधार लागणारा हा पाहुणा म्हातारा आहे की जखमी? तर ती माझ्याकडे पाठ करून दुकानदाराला म्हणाली, "खोबऱ्याचो भाव काय हो आज?" नलू, सामानाच्या दुकानात खोबऱ्याचा भाव!

परतीच्या वाटेवर मी मनात सगळं मांडून पाहिलं. खाट हवी, पण खाली जागा रिकामी हवी. झोपणाऱ्याला उठताना आधार हवा. आणि तो कोण आहे हे नवऱ्याला सांगायचं नाही. गेल्या वर्षीच्या जानेवारीतल्या गोळीबारापासून पोलीस कितीजणांच्या मागावर आहेत, तुला मी सांगायला नको. तुझ्या आईचा जीव मोठा आहे. कोणाला तरी लपवायला ती कबूल झाली असेल, अशी माझी खातरी होत चालली आहे. आणि खाली मोकळं हवं ते पोलीस आले तर खाटेखाली सरकायला.

मी काही भेकड नाही. माझा डावा गुडघा त्या जानेवारीतच गेला. पण मला विचारायला नको?

आता चंपाने म्हणे कोणी मेस्त्री गाठून दिला आहे. ही शेजारची चंपा मला पहिल्यापासून पटत नाही. चाळीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली म्हणून तिला वाटतं, घराघरात आपलाच हुकूम चालतो. मेस्त्री येणार संध्याकाळी, मी दुपारच्या पाळीला गेल्यावर. नेमका तेव्हाच.

तुला यातलं काही ठाऊक असेल तर कळव. ठाऊक नसेल तर आईला समज दे. तुझं ती ऐकते.

सीताराम तावडे


लालबाग,
ता. १ डिसेंबर १९५७, रविवार

चि. नलिनी,

प्रतापगड झाला. आमच्या चाळीतले सहाजण जाऊन घसा बसवून आले. पाहुणे मात्र एकही आले नाहीत, आणि खाटेचं काम चालूच आहे. मी आईला म्हटलं, पाहुणे गडावरून खाली पडले की काय? ती म्हणाली, येतील हळूहळू.

मेस्त्रीला मी अजून पाहिलेला नाही. मी तीनला निघतो, तो पाचनंतर येतो, मी परततो तेव्हा भुसासुद्धा झाडून गेलेला असतो. मोरीत दोन कप धुऊन पालथे घातलेले असतात. सुताराला कपातून चहा? आपल्याकडे असे पाहुणचार कधीपासून?

पण त्याची माझी गाठ पडली आहे, कशी ते ऐक. माझ्या युक्तीची लांब फळी मी हट्टाने आणवली आणि भिंतीला टेकून ठेवली. तिच्यावर पेन्सिलीने लिहिलं: "मेस्त्री, खाटेला खालून फळ्या मारून पेटी करणे. जागा फुकट जाते."

दुसऱ्या दिवशी खाली उत्तर: "खाली मोकळं हवं. बाईंनी सांगितलंय."

मी लिहिलं, "घर कोणाचे?"

उत्तर: "घर तुमचं. खाट बाईंची."

मला राग यायला हवा होता. पण अक्षर बघून मी थबकलो. सुताराचं अक्षर असं नसतं गं. शाळामास्तरासारखं, वेलांटी वेलांटीच्या जागी. आणखी एक संशय.

मग मी उंचीचं काढलं. "उंची जास्त होते. दोन बोटे कमी करणे." उत्तर: "दोन बोटं वाढवली आहेत." पट्ट्यांच्या विणीचं काढलं, कारण विणणं हा माझा प्रांत आहे: "वीण सैल आहे. आमच्या साच्यावर असा माल पास होत नाही." त्यावर: "सैलच हवी. खालून ऊब लागली पाहिजे."

ऊब! म्हणजे माणूस आजारी आहे, हे नक्की.

एक मात्र कबूल करतो. माझ्या भिंतीच्या फळीचा नकाशा मी त्याच्यासाठी खिळ्याला अडकवून ठेवला होता. त्याने लिहिलं, "कल्पना उत्तम आहे. आगगाडीच्या वरच्या बाकासारख्या दोन साखळ्या लावू, म्हणजे खिटीवर भार नको. दिवसा दिसणारसुद्धा नाही." त्या नकाशावर तुझ्या आईने खडे निवडले होते. कोणी तरी तो नीट पाहिला याचं मला फार बरं वाटलं. माणूस संशयास्पद आहे, पण मूर्ख नाही.

शुक्रवारी माझी पाळी चुकली, गुडघा फार धरला होता. दुपारी झोपून उठलो तर चंपा त्या अर्ध्या खाटेवर पाय दुमडून आडवी पडलेली. मला बघून ताडकन उठली. विचारलं तर, "काय नाय भावजी, पाठ धरलीहा." पाठ धरलेली बाई इतक्या चपळाईने उठते का? आणि मेस्त्री नेमका त्या संध्याकाळी फिरकला नाही.

दुसरंही जुनं धोतर गेलं.

सीताराम तावडे


लालबाग,
ता. ८ डिसेंबर १९५७, रविवार

चि. नलू,

तुझं उत्तर नाही. नसू दे.

शुक्रवारी, सहा तारखेला, मेस्त्री आला नाही. मी शनिवारी फळीवर लिहिलं, "काल का आला नाहीत?" उत्तर मिळालं, "दादरला जायचं होतं. वर्ष झालं." कसलं वर्ष ते त्याने लिहिलं नाही. शुक्रवारी मी पाळीला निघालो तेव्हा पांढऱ्या कपड्यांतली माणसं परळमार्गे दादरच्या दिशेला चालली होती. बायका, कडेवर पोरं, कोणी बोलत नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून त्यांना जाऊ दिलं. मेस्त्रीही त्यांतच असेल कुठेतरी.

आता त्याने मला एक प्रश्न घातला आहे. "फळीवर कोण झोपणार? वजनाचा अंदाज हवा. त्याप्रमाणे साखळी आणतो."

प्रश्न साधा आहे. काल रात्रीपासून मी पेन्सिल हातात घेऊन त्या फळीपुढे बसलो आहे. या घरात झोपायला येतो कोण? माझे भाऊ गावी, त्यांना मुंबईची हवा सोसत नाही. मुलगा नाही. मुलगी होती. कोणाचं वजन लिहू?

काल एक विचित्र प्रकार पाहिला. तुझ्या आईने खाटेखाली शेगडी ठेवली, विझलेली, आणि तिच्यावर वितीने माप घेत होती. शेगडीपासून पट्ट्यांपर्यंत एक वीत चार बोटं. मला बघून तिने शेगडी पदराखाली धरली. एवढी मोठी शेगडी! मी म्हटलं, "खाटेखाली काय वितळवायचं आहे? बॉम्ब करताय की काय?" तर ती रागावली नाही. खाली बसली आणि म्हणाली, "तुमका कदी काय दिसलाहा?"

बावीस वर्षं मी जिथे जिथे दोष काढतो तिथे दोष असतो. आणि ही मला म्हणते, तुम्हाला कधी काय दिसलं आहे.

नलू, तुला मी वैशाखात जे बोललो ते सगळं लक्षात आहे. उंबरा ओलांडलास की तुझं आणि त्याचं, दोघांचं पाऊल पुन्हा या घरात नको, असं मी म्हणालो. चाळ गॅलरीत उभी होती, आवाज चढवूनच म्हणालो. शब्द फिरवायची माझी सवय नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. छप्पन सालच्या त्या जानेवारीत मला चेंगराचेंगरीतून त्यानेच पाठीवर घालून आणलं. संचारबंदीत तो इथे अडकला, तीन रात्री दाराजवळ जमिनीवर झोपला, आपल्या ताटात जेवला. तेव्हा मी त्याला माझ्या मुलासारखा म्हणालो, आणि जात विचारली नाही. पुढे तो नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला, तुझ्यासाठी माझ्यापुढे बसला, तेव्हा विचारली. जी गोष्ट त्याने टाकून दिली ती मी उचलून त्याच्यापुढे धरली.

हे मी कोणाला बोललो नाही. तुला का लिहितो आहे ठाऊक नाही. या पत्राचं उत्तर देऊ नये.

मेस्त्रीला मात्र मी पकडणार. एक दिवस लवकर येऊन.

बाबा


लालबाग,
ता. २२ डिसेंबर १९५७, रविवार

नलू,

मेस्त्री पाहिला.

गुरुवारी गिरणीत वीज गेली. साचे बंद पडले आणि साडेपाचला आम्हाला सोडलं. मी वर आलो तो मुद्दाम पाय न वाजवता. दाराबाहेर चपला नव्हत्या. आत पाहिलं तर त्या एका पिशवीत घालून दाराच्या आत भिंतीशी ठेवल्या होत्या, म्हणजे मला कळू नये. पाठमोरा एक माणूस खाटेजवळ गुडघ्यांवर बसला होता. तुझी आई म्हणत होती, "खुर्चीर बसा मा." तो म्हणाला, "नको आई, मी इथंच बरा." दाराजवळची तीच जागा, नलू. जिथे तो तीन रात्री झोपला होता तीच.

मला पाठ ओळखायला वेळ लागला नाही. त्या पाठीवरून मी घरी आलो होतो.

खाटेखाली शेगडी पेटवलेली होती. त्याने पट्ट्यांवर उघडा हात पालथा ठेवला आणि बराच वेळ तसाच धरला. मग म्हणाला, "चटका बसतोय आई. तिला सोसायचा नाही. अजून एक बोट उचलतो." आई म्हणाली, "बाळाक पण." तो हसला आणि म्हणाला, "मग दोन बोटं."

मी गॅलरीत कठड्याला धरून उभा होतो. माझ्याच घराचा उंबरा माझ्यापुढे होता, आणि तो मला ओलांडता येईना.

खाली मोकळं का हवं, उंची का हवी, सैल वीण का, चंपा पाय दुमडून का झोपली होती, दुकानात लाडवांचं खोबरं का आठवलं, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम उलगडलं. लालबागमधल्या कोणत्याही बाईला पहिल्याच दिवशी कळलं असतं. बाळंतिणीची बाज आणि खाली शेकाची शेगडी, हे का कोणी पुस्तकात वाचतं? तू जन्मलीस तेव्हा याच खोलीत हेच सगळं होतं. पण आम्हा पुरुषांना तेव्हा बाहेर काढतात. बारा दिवस मी गिरणीतल्या सोबत्याकडे झोपलो होतो. मी कधी बाजेखाली वाकून पाहिलंच नाही. आईने एवढंच तर मला सांगितलं, की तुम्हाला कधी काय दिसलं आहे.

तो निघाला तेव्हा मी खालच्या वाण्याच्या दुकानात तोंड फिरवून उभा राहिलो. आठला वर गेलो आणि वीज गेली म्हणून सांगितलं. तिने पान वाढलं.

काल ती बाजारात गेल्यावर तुझी ट्रंक उघडली. चोरीच केली म्हण. वरच माझी धोतरं होती. लंगोट, दुपटी, टोपडी, एवढीशी झबली, आणि प्रत्येकाला कुठे ना कुठे तो हिरवा काठ. ते धोतर माझ्याच साच्यावरचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. जुनंच का नेलं ते कळलं. एक टोपडं मी मुठीवर घालून पाहिलं. मूठ मोठी पडली.

खाली चंपाच्या पत्त्यावर आलेली तुझी पत्रं होती. वाचली. बापाने वाचू नयेत, पण वाचली. माघात दिवस भरतात, घरात सासू नाही, तो रेल्वेच्या कारखान्यात सुतारकामाला गेला की तू दिवसभर एकटी, हे मला पत्र चोरून वाचून कळावं? आणि तू आईला लिहिलं आहेस, "बाबा स्वतः न्यायला आले तरच येईन. यांनी केलेल्या खाटेवर मी झोपायचं आणि यांनी दाराबाहेर उभं राहायचं, हे मला जमणार नाही. मग मी इथेच बरी." ते वाक्य मी चार वेळा वाचलं. तुझा स्वभाव कोणावर गेला आहे, यात मात्र मला संशय नाही.

तू माझी सगळी पत्रं वाचत होतीस. मेस्त्रीचं अक्षर, दोन कप, बॉम्ब. दोघांनी मिळून वाचली असतील. हसला असाल. हसा, मी लायकच आहे. मात्र त्याने एकदाही फळीवर उलट शब्द लिहिला नाही, ही गोष्ट मला फार लागली. मी विचारलं, घर कोणाचे, तर त्याने लिहिलं, घर तुमचं.

आता काय करायचं ते मला सुचत नाही. एवढ्या लोकांपुढे बोललेला शब्द गिळायचा म्हणजे सोपं नाही. तू जपून राहा. जड उचलू नकोस. नळावरून पाणी त्याला आणायला सांग.

बाबा


लालबाग,
ता. ८ जानेवारी १९५८

चि. सौ. नलूस अनेक आशीर्वाद. यातून हवा तो अर्थ काढ.

पंधरा दिवस फळीवर मी काही लिहिलं नाही आणि त्यानेही नाही. त्याचा प्रश्न तसाच होता. बाज पुरी झाली आहे. काल तुझी आई देवळात गेली होती तेव्हा मी दार लावून घेतलं, शेगडी पेटवली आणि खाली सरकवून स्वतः वर झोपलो. ऊब बेताची लागते. उठताना धरायला डोक्याशी दांडा आहे, माझ्या गुडघ्यालाही तो पुरला. बावीस वर्षं दोष काढणाऱ्या माणसाला त्या बाजेत एक दोष सापडला नाही. मग निखारे विझवले आणि दार उघडलं, तर समोर चंपा. म्हणाली, "भावजी, बाळंतीण कोण?" चाळभर झालं असेल एव्हाना. होऊ दे.

आईला दुपारी पाळीला जाण्यापूर्वी सांगितलं. खाटेला पेटी नको, खाली मोकळंच असू दे, एवढंच म्हणालो. ती चुलीपुढून उठली नाही. पाठमोरीच म्हणाली, "गुळाचा पाणी घेतलास?" वीस वर्षांत ती मला पहिल्यांदा एकेरी बोलली, आणि तिच्या ते ध्यानातही आलं नाही. मी पाणी प्यायलो आणि गिरणीत गेलो.

आता नीट वाच. येत्या रविवारी, बारा तारखेला, मी घरी आहे. दुपारचं जेवण झालं की आम्ही दोघं तुला न्यायला नायगावला येऊ. दोघं म्हणजे मी आणि तुझा नवरा, आनंदा. पौष आहे म्हणून आई आठ दिवस थांबायला सांगते आहे, पण मला आता थांबवत नाही. तुमच्या घरी मला खुर्ची नको. दाराजवळ जमिनीवर बसेन, तेवढं मी त्याचं देणं लागतो. टॅक्सी करू, जिना हळू चढू. चाळ गॅलरीत उभी राहील, तिला उभी राहू दे. बोललो तेव्हा होतीच, आता परत घेताना का नको?

ट्रंक खिडकीखालीच आहे. तू म्हणाली होतीस लागेल, ते बरोबर होतं.

फळीचं सांगायचं राहिलं. आज सकाळी मी पेन्सिलीने "मेस्त्री" लिहिलं, ते बरोबर वाटलं नाही, थुंकीने पुसलं. मग शेजारून दौत-टाक मागून आणला आणि त्याच्या प्रश्नाखाली उत्तर लिहिलं:

"जावईबापू, वजन तुमच्याएवढं धरा. रविवारी सकाळी या, जेवूनच जा. आनंदा तावड्यांकडे झोपतो का, असं कोणी विचारलं तर होय म्हणून सांगा."

तो फळीला रंधा मारणार, तेव्हा पेन्सिलीचं सगळं जाईल. म्हणून एवढं शाईने लिहिलं आहे, ती लाकडात मुरते.

तुझा,
बाबा